उघड्यावर राहणाऱ्यांमधील ओव्हरडोस रोखण्यासाठी सोबती कार्यकर्त्यांचा गट कसा उभारावा

गोदाघाटावर, गाडगे महाराज पुलाखाली किंवा नाशिकरोड स्थानकाबाहेर एखादा माणूस निपचित पडलेला दिसला, तर येणारा-जाणारा ‘पिऊन पडला असेल’ असे समजून पुढे निघून जातो. ओव्हरडोसमध्ये, म्हणजे नशेच्या पदार्थाची मात्रा जास्त झाल्यावर, श्वास मंदावत जाऊन थांबेपर्यंत काही मिनिटे किंवा काही तासही हाताशी असू शकतात, पण हा वेळ उपयोगी पडायचा तर शेजारी पथारी टाकलेल्या माणसाला लक्षणे ओळखता आली पाहिजेत. म्हणून या कामाची सुरुवात त्या शेजाऱ्यापासून करावी.

सोबती कार्यकर्ता निवडताना ज्याने स्वतः रस्त्यावर दिवस काढले आहेत, नशेचा अनुभव घेतला आहे आणि ज्याला वस्तीतले लोक आजही रात्री-अपरात्री हाक मारतात, असाच माणूस शोधावा. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कार्यक्रमात इंजेक्शनने नशा करणाऱ्यांसाठी असेच पीअर एज्युकेटर काम करतात. ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन या, अफूवर्गीय नशेऐवजी देण्यात येणाऱ्या औषधांचे उपचार घेऊन स्थिरावलेल्या व्यक्तीला ‘अजून औषधावर आहे’ म्हणून नाकारू नये, कारण तिच्याइतकी या वाटेची माहिती दुसऱ्या कोणाला नसते. कार्यकर्त्यांना ओळखपत्र आणि नियमित मानधन द्यावे, फेरीला नेहमी दोघांनी जावे आणि कोणाचाही माल क्षणभरासाठीसुद्धा हातात घेऊ नये. हद्दीतील पोलीस ठाण्याला कामाची लेखी कल्पना आधीच दिलेली बरी. ‘गर्दुल्ला’ हा शब्द गटात कोणीही वापरू नये, कारण तो ऐकलेला माणूस संकटात आपल्याला हाक मारत नाही.

फेरीवर उपदेश न करता चौकशी करावी: सध्या काय घेतो, कशासोबत घेतो आणि त्या वेळी जवळ कोण असते. ब्राउन शुगरवर (भेसळयुक्त हेरॉईन) दारू किंवा झोपेच्या गोळ्या घेतल्या की श्वासावर दुहेरी दाब येतो. मालेगाव परिसरात ‘कुत्ता गोळी’ म्हणून ओळखली जाणारी अल्प्राझोलमही याच गटातली आहे. सर्वाधिक धोका मात्र खंड पडल्यानंतर असतो. नाशिकरोड कारागृहातून, रुग्णालयातून किंवा व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर आलेल्या माणसाच्या शरीराची सवय मोडलेली असते आणि पूर्वीचीच मात्रा त्याच्या जिवावर उठते. अशा माणसाला पहिल्या दिवसापासून रोज भेटावे. ‘घ्यायचेच असेल तर एकटा घेऊ नकोस, अगदी थोड्यापासून सुरू कर आणि दारूसोबत घेऊ नकोस’ हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगावे. असे सांगणे म्हणजे नशेला परवानगी देणे, असा आक्षेप घेतला जातो. तो मला मान्य नाही, कारण उपचारापर्यंत पोहोचायला माणूस आधी जिवंत राहावा लागतो. २०२६-२७ च्या सिंहस्थाच्या तयारीत घाटावरचे लोक इतरत्र पांगले, तर नेहमीची सोबत तुटून ते एकटे पडतील. त्यांचा नवा ठिकाणा शोधणे हेही याच कामात येते.

ओळखण्याची खरी कसोटी थंडीत लागते. डिसेंबर-जानेवारीत नाशिकला माणसे डोक्यावरून चादर ओढून झोपतात आणि त्यामुळे श्वास दिसत नाही. चादरीचा कोपरा उचलून नावाने मोठ्याने हाक मारावी, खांदा हलवावा. तरीही हालचाल नसेल तर मुठीच्या सांध्यांनी छातीच्या मधल्या हाडावर जोराने घासावे. झोपलेला किंवा नुसता नशेत असलेला माणूस यावर कुरकुरतो, हात झटकतो. ओव्हरडोस झालेला प्रतिसाद देत नाही, त्याचा श्वास फार मंद किंवा तुटक असतो आणि बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या असतात. सावळ्या वर्णावर निळेपणा सहज कळत नाही, म्हणून नखे पाहावीत आणि ओठ उलटवून आतला राखाडीपणा तपासावा. घशातून येणाऱ्या घरघरीला लोक गाढ झोपेतले घोरणे समजतात. वाट बंद होत चाललेल्या श्वासाचा तो आवाज असू शकतो, म्हणून अशा माणसालाही जागे करून पाहावेच.

लगेच एकाने १०८ ला फोन करावा. ‘ओव्हरडोस’ या शब्दावर अडून न राहता ‘माणूस बेशुद्ध आहे, श्वास नीट चालत नाही’ असे सांगावे आणि पूल, घाट किंवा जवळचे मंदिर अशी ठळक खूण द्यावी. दुसऱ्याने तोंडातील घाण काढून, डोके मागे झुकवून, नाक दाबून दर पाच सेकंदांनी एक श्वास द्यावा. नाडी लागत नसेल तर छातीवर दाब सुरू करावा. नॅलोक्सोन हे औषध ब्राउन शुगर, हेरॉईन यांसारख्या अफूवर्गीय पदार्थांचा परिणाम उलटवते. ओव्हरडोसच्या वेळी जवळ असू शकणाऱ्या सामान्य माणसांनाही ते उपलब्ध असावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये केली. आपल्याकडे ते प्रामुख्याने इंजेक्शनच्या रूपात, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळते. म्हणून गटाने एखाद्या डॉक्टरांकडून आधी प्रशिक्षण आणि लेखी सूचना घ्याव्यात. ०.४ मिलिग्रॅमची मात्रा मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत देतात आणि दोन-तीन मिनिटांत श्वास सुधारला नाही तर पुन्हा देतात. झोपेच्या गोळ्या, दारू किंवा एमडीवर (मेफेड्रोन हा उत्तेजक पदार्थ) हे औषध चालत नाही, पण नेमके काय घेतले हे माहीत नसताना ते दिल्याने सहसा अपाय होत नाही.

मिठाच्या पाण्याचे किंवा दुधाचे इंजेक्शन देणे, लिंबू-ताक पाजणे, उलटी करवणे, अंगावर थंड पाणी ओतणे, दोघांनी धरून चालवणे, हे सगळे प्रकार ठामपणे थांबवावेत. बेशुद्ध माणसाच्या तोंडात घातलेला घोटभर द्रवही फुप्फुसात जाऊ शकतो. श्वास सुरू झाला की त्याला कुशीवर वळवून वरचा गुडघा वाकवून ठेवावा.

शुद्धीवर आल्यानंतरचे दोन-तीन तास त्याच्याजवळच थांबावे. नॅलोक्सोनचा परिणाम साधारण ३० ते ९० मिनिटांत ओसरतो आणि श्वास पुन्हा मंदावू शकतो; त्याच वेळी टर्की लागल्याने (नशा उतरल्यावर होणारा त्रास) तो चिडतो आणि पुन्हा माल शोधायला निघतो. त्याला रागावू नये, शक्यतो रुग्णालयात सोबत जावे. बेघर व्यक्तीला व्यसनासह मानसिक आजारांवर मोफत उपचारांचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दिला आहे, हे केसपेपर काढताना सांगता आले पाहिजे. उपचाराची इच्छा दिसली तर १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर त्याच्यासमोरच फोन लावावा.

नोंदवहीत नाव न लिहिता जागा, वेळ, पदार्थ आणि काय केले एवढेच लिहावे. एखादा माणूस दगावला तर त्या फेरीतील कार्यकर्त्यांना दुसऱ्या दिवशी कामावर न पाठवता एकत्र बसवून बोलू द्यावे, कारण गेलेला माणूस बहुतेक वेळा त्यांचाच जुना सोबती असतो आणि त्या धक्क्यात त्यांची स्वतःची नशा पुन्हा सुरू होण्याचा धोका असतो.