शिरोरेषेची नदी: अनेकांनी मिळून अक्षरचित्र काढायचं तर

नुसती अक्षरं मांडून काढलेल्या आमच्या पहिल्या सामायिक चित्रात मधोमध एक झाड होतं. एकाने वरच्या ओळीत तीन पानं घातली आणि त्या ओळीतलं पुढचं सगळं तीन घरं उजवीकडे सरकलं. फांदी तुटली. चूक त्याची नव्हती. मीच सगळ्यांना साधी मजकुराची फाईल दिली होती, आणि मजकुरात नवं अक्षर शिरलं की जुनं सरकणारच.

म्हणून आधी घरं आखा. जुन्या टर्मिनलवर, म्हणजे फक्त अक्षरं दाखवणाऱ्या संगणकाच्या पडद्यावर, ८० आडवी, २४ उभी असायची. आम्ही ४० बाय २४ घेतो. एका घरात एक अक्षर, नवं लिहिलं की त्या घरातलं जुनं पुसलं जाईल, बाकी काही हलणार नाही. रिकामं घरसुद्धा चित्राचा भाग आहे, त्यामुळे साठवताना मोकळ्या जागा छाटू देऊ नका. दोघं एकदम काढत असतील तर बदललेलं घर तेवढंच पाठवायचं. अख्खं चित्र पाठवलंत तर उशिरा साठवणारा दुसऱ्याची मेहनत पुसून टाकतो. 'मागे घ्या' (अन्डू) हेही ज्याचं त्याच्या अक्षरांपुरतंच ठेवा.

रोमन लिपीचं काम एवढ्यावर भागतं. आस्की या संगणकाच्या जुन्या रोमन अक्षरसंचातली छापता येणारी ९५ चिन्हं समान रुंदीच्या फॉण्टमध्ये नीट बसतात. देवनागरीला जास्त जपावं लागतं. 'स्त्री' हे डोळ्याला एकच अक्षर, पण युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या संगणकाच्या पद्धतीत, त्याचे सहा संकेतांक: स, पाय मोडायची खूण, त, पुन्हा तीच खूण, र आणि दुसरी वेलांटी. संकेतांक मोजून घरं भरलीत तर वेलांटी शेजारच्या घरात एकटी पडते. देवनागरी जोडाक्षर अखंड धरायचा नियम युनिकोडच्या १५.१ या आवृत्तीत, २०२३ मध्ये आला. जुनी साधनं पाय मोडला की तिथेच तोडतात. तेव्हा पहिल्यांदा 'स्त्री' लिहून बघा. एकाच घरात मावली की पुढे चला.

रुंदीसाठी फॉण्टवर विसंबू नका. 'र' अरुंद, 'क्ष' ऐसपैस. घर ठरावीक मापाचं, चौरस ठेवा आणि अक्षर त्याच्या मध्यावर बसवा. घर उभट झालं की चंद्राचं अंडं होतं. छटांसाठी डोळे किलकिले करून बघा: दंड (।) सगळ्यात फिका, मग र, ग, मग भ, आणि क्ष सगळ्यात गडद.

मला सगळ्यात प्रिय आहे ती शिरोरेषा. घरं वेगळी केली की ती तुटते, म्हणून शेजारची दोन्ही घरं भरलेली असली तर मधल्या फटीपुरती बारीक रेघ आम्ही जोडून देतो. अक्षरावरून मात्र रेघ ओढत नाही, कारण ध, भ, थ यांच्या डोक्यावरची रेघ मुळातच तुटकी असते आणि ती तशीच दिसायला हवी. सलग 'न' लिहिले की संथ पाणी होतं. परवा त्या पाण्यात कुणीतरी एकच 'ध' ठेवला. तिथे मासा उसळलाय असं दुसऱ्याने धरलं, आणि थोडं पुढे आणखी दोन ठेवले.