सायकॉलॉजीची पोरं ओपीडीत कशी तयार करायची

एमए नाहीतर एमफिल करून पोरं माझ्याकडे ट्रेनिंगला येतात तेव्हा पहिल्या दिवशी मी एकच विचारते, केसपेपर कुठं काढतात सांग. बहुतेकांना माहीत नसते. पीएचक्यू-नाइन या डिप्रेशन तपासायच्या फॉर्मचे नऊच्या नऊ प्रश्न तोंडपाठ, पण केसपेपरची खिडकी माहीत नाही. अन् हीच पोरं डॉक्टरांच्या टीममध्ये टाकली की महिनाभरात तोंड पाडून येतात, मॅडम आम्हाला कोणी पेशंटच पाठवत नाही. कसे पाठवतील बाप्पा, तू बसतेस तिसऱ्या माळ्यावर दार लावून.

तर ज्यांच्याकडे इंटर्न येतात, किंवा ज्यांना स्वतःलाच डायबेटिस क्लिनिक, टीबी वॉर्ड, पीएचसी असल्या ठिकाणी काम करायचं आहे त्यांच्यासाठी मी कसं शिकवते ते लिहून राहिली आहे. एक गोष्ट आधीच क्लिअर करून घ्या, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून पाटी लावायला आरसीआयचं (रिहॅबिलिटेशन काउन्सिल ऑफ इंडिया) रजिस्ट्रेशन लागतं, नुसत्या एमएवर लावू नका अन् इंटर्नला लावू देऊ नका.

पहिले दोन आठवडे काउन्सेलिंग बंद. एक पेशंट पकडायचा अन् दिवसभर त्याच्यामागे फिरायचं, केसपेपर, डॉक्टर, रक्ताची लाइन, रिपोर्टची लाइन, औषधाची खिडकी. नागपूरचं सरकारी मेडिकल असो की मेयो, काटोल-उमरेडकडून पहाटेची एसटी पकडून आलेला माणूस दुपारी दोन वाजता कसा दिसतो ते एकदा पाहिलं की पोरं त्याला "पुढच्या सोमवारी पन्नास मिनिटांसाठी या" असं म्हणायचं सोडून देतात. त्याची रोजी बुडते अन् तिकीट वेगळं. तो आज तुमच्यासमोर आहे, वीस मिनिटं आहेत, जे करायचं ते आजच.

मग शरीर शिकवा. इथे खूप जणं कंटाळा करतात, म्हणतात ते डॉक्टरचं काम. नाही ना. थायरॉइड कमी असला तर माणूस सुस्त, उदास, वजन वाढलेलं, एकदम डिप्रेशनसारखा दिसतो. व्हिटॅमिन बी-ट्वेल्व्ह कमी असलं तरी तसंच. इन्सुलिन घेणाऱ्याला दरदरून घाम, हात थरथर, धडधड सुरू झाली तर पॅनिक म्हणून श्वासाचे व्यायाम शिकवत बसू नका, आधी शुगर बघा, ती खाली गेलेली असू शकते. नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या, बिघडलेल्या टीबीत सायक्लोसेरिन नावाचं औषध देतात, त्यानं मूड जातो, कधी भास पण होतात. म्हाताऱ्या पेशंटला कालपर्यंत सगळं समजत होतं अन् आज रात्री अचानक पोराला ओळखत नाही, तर तो डिलिरियम (अचानक आलेला भ्रम) असू शकतो, मागे बहुतेकदा इन्फेक्शन नाहीतर सोडियमचा गोंधळ असतो, तिथे धावत जाऊन डॉक्टरला सांगायचं. माझा नियम सोपा आहे, फाइलमधली औषधं अन् रिपोर्ट वाचल्याशिवाय पेशंटला तोंड दाखवायचं नाही.

अन् आपल्या विदर्भात सिकलसेल. हा वेगळाच धडा आहे. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांमध्ये अडकतात अन् मग जे दुखते ते विचारू नका. पण बाहेरून काहीच दिसत नाही, म्हणून वॉर्डात कोणीतरी म्हणतेच की हा पोरगा इंजेक्शनसाठी नाटक करते. नवीन सायकॉलॉजिस्टला हे सांगितलं की तो लगेच "लक्ष वेधून घेण्याची वृत्ती" वगैरे लिहायला लागतो. तिथेच थांबवा. दुखणं खरं आहे हे आधी मान्य करायचं, मग मेच्या उन्हात पाणी किती पितो, सिकलसेलचं औषध हायड्रॉक्सीयुरिया रोज घेतो का, कॉलेज किती बुडलं, लग्नाचं टेन्शन आहे का, हे विचारायचं. तुमचं काम तिथे आहे.

स्वतःची ओळख कशी करून द्यायची हे पाठच करून घ्या. "मी सायकॉलॉजिस्ट" म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यासमोर पागलखाना येतो, मग बाई म्हणते, काहून, मी पागल आहो का? त्यापेक्षा म्हणा, मी डॉक्टरसाहेबांसोबतच काम करते, शुगर असली की झोप अन् टेन्शनचा त्रास होतो, त्याचं पाहते. डॉक्टर स्वतः उठून दोन वाक्यांत ओळख करून देत असेल तर सोन्याहून पिवळं, त्याला वॉर्म हँडऑफ म्हणतात, चिठ्ठी देऊन पाठवलेले पेशंट वाटेतच गळतात. भाषा पण इथलीच ठेवा. "रस कमी झाला आहे का" विचारलं तर माणूस उसाचा विचार करेल, "हल्ली गमते का?" विचारा, धडाधड बोलते.

आता पीएचक्यू-नाइन. स्कोअर शून्य ते 27, दहा अन् वर गेला की नीट बघायचं, हे सगळ्यांना येते. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा, तो मात्र फॉर्म हातात देऊन सोडायचा नसतो. एका ठिकाणी माझ्याच इंटर्ननं सकाळी फॉर्म भरून घेतले अन् स्कोअरिंग संध्याकाळी केलं, एका शेतकरी बाईनं नवव्यात दोनचा आकडा (म्हणजे निम्म्याहून जास्त दिवस असे विचार) टाकलेला, ती तर बसनं गावी पोचली असेल. त्या रात्री आम्ही फोनवर फोन लावले, शेवटी भाऊ सापडला, बाई ठीक होती. चूक इंटर्नपेक्षा माझी जास्त, मी शिकवलंच नव्हतं. तेव्हापासून फॉर्म घेतल्या घेतल्या आधी नववा प्रश्न बघायचा, शून्य नसेल तर माणूस उठायच्या आत विचारायचं, स्पष्ट विचारायचं, मरायचा विचार येतो का, कसं करायचं ठरवलं होतं, फवारणीचं औषध घरात कुठं ठेवता, चावी कोणाकडे. विचारल्यानं विचार डोक्यात घुसत नाही, ही भीती पोरांच्या मनातून काढा. मग घरच्या माणसासमोर ते फवारणीचं औषध घरातून दुसरीकडे हलवायचं ठरवायचं, सायकियाट्रिस्टला त्याच दिवशी दाखवायचं, अन् टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 नंबर कागदावर नाही, मोबाइलमध्ये सेव्ह करून द्यायचा.

डॉक्टरशी बोलणं हा वेगळा रियाज. माझ्या एका इंटर्न पोरीनं राउंडमध्ये पेशंटच्या बालपणापासून सुरू केलं, फिजिशियन साहेब तोपर्यंत तिसऱ्या बेडवर. तेच असं सांगायचं: "सर, बेड नंबर सात, बाईनं इन्सुलिन बंद केलं, सुईच्या भीतीनं नाही, तर शेजारीण म्हणाली एकदा लागलं की मरेपर्यंत म्हणून. मी समजावलं, उद्या सिस्टरसोबत पहिला डोस घेईन म्हणते. तुम्ही फक्त एकदा सांगा की डोस पुढे कमी पण होऊ शकतो." झालं, पाऊण मिनिट. फाइलमध्ये पण चारच ओळी, सासूचं भांडण लिहायचं नाही, उपचाराला लागते तेवढंच. काय लिहिणार ते पेशंटला आधीच सांगून ठेवा.

सिस्टरशी दोस्ती करा, हे सांगायची गरज नसावी. तर्री-पोहे सोबत खाल्ले की अर्धे रेफरल तिथूनच येतात.

मॅनेजमेंटला हे सगळं पटवायचं असेल तर गोव्याची मानस ट्रायल दाखवा, लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये 2010 साली आली. सरकारी पीएचसीत ट्रेनिंग दिलेले साधे काउन्सेलर, तिथला डॉक्टर अन् अधूनमधून येणारा सायकियाट्रिस्ट असं मिळून काम केलं तर जास्त पेशंट बरे झाले. प्रायव्हेट क्लिनिकमध्ये मात्र तसा फरक दिसला नाही, हे पण सांगा, लपवू नका.

परीक्षा मी लेखी घेत नाही. वीस मिनिटं पेशंट, एक मिनिट डॉक्टर, चार ओळी नोट, मी कोपऱ्यात घड्याळ घेऊन. मग बाहेर जाऊन पेशंटलाच विचारते, घरी गेल्यावर काय करणार? मागच्या बॅचला एक आजोबा म्हणाले, "ते पोरगी म्हणते जेवल्यावर गल्लीतून एक चक्कर मारा अन् रातचा चहा बंद. चक्कर मारीन, चहाचं पाहू."

पोरीला पास केलं.