मृग बरसला तरी कडब्याची गंजी मोडू नका

मृगाचा पहिला पाऊस झाला की पुढचे पंधरा-वीस दिवस माझा फोन थांबत नाही. "दुधाची फॅट बसली." "गाय फुगली." "बोकड रात्री रवंथ करत होता, सकाळी मेलेला सापडला." तिन्ही फोनांचं मूळ दहातल्या आठ वेळा एकच निघतं. सुका चारा एका दिवसात बंद केलेला असतो आणि हिरवा एका दिवसात सुरू.

गोठा व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणांत मी बरीच वर्षं शिकवतोय. मंडळी येतात ती रबर मॅटचा भाव, मिल्किंग मशीन आणि मुरघासाच्या, म्हणजे हवाबंद आंबवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या, बॅगा विचारायला. चारापालटाचा तास दुपारच्या जेवणानंतर असतो, त्यामुळे निम्मे पेंगतात. गोठे बसलेले मी पाहिलेत ते मात्र बहुतेक त्याच तासातलं न ऐकल्यामुळे. म्हणून आज बाकी सगळं थोडक्यात, आणि हे सविस्तर.

एका जूनमधली गोष्ट. बारा गाईंचा मुक्त गोठा, म्हणजे गाई दाव्याला न बांधता आवारात मोकळ्या, चांगला राखलेला. मालक संकलन केंद्रावर भांडून आलेला, कारण सहा दिवसांत फॅट 3.8 वरून 3.1 वर आली होती. आपल्याकडे गाईच्या दुधाचा दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफवर (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) धरतात, त्याखाली कपात. त्याचं म्हणणं, मशीन मॅनेज आहे. गोठ्यात गेलो तर गव्हाणीत कोवळ्या मक्याची कुट्टी काठोकाठ. कडबा? "संपला, आता हिरवं आलंय की." बारा लिटरच्या गाईला नऊ किलो गोळी पेंड. मी शेण बघितलं. चांगलं शेण जमिनीवर पडलं की थापीसारखं बसतं. इथलं पिठल्यासारखं पसरलेलं, वर बुडबुडे, आत न पचलेल्या मक्याचे कण, वास आंबूस. दहा गाई बसलेल्या आणि त्यांतल्या फक्त तीन रवंथ करत होत्या. एक गाय मागचे पाय आखडून उभी होती. मशीनचा काही दोष नव्हता. दोष गव्हाणीत होता.

गाईच्या कोटीपोटात, म्हणजे पहिल्या मोठ्या पोटात, जंतूंची वस्ती असते. चारा तेच पचवतात, गाय त्यांच्यावर जगते. कडब्यावर पोसलेली वस्ती वेगळी, कोवळ्या हिरव्यावर आणि धान्यावरची वेगळी. एक वस्ती मागे पडून दुसरी मूळ धरायला दोन-तीन आठवडे लागतात. तेवढी उसंत न देता चारा पालटला, वर भरड्याची पाटी ओतली, की पोटात आम्ल साठतं. रवंथ कमी झाला की लाळ कमी, आणि लाळेतच तर आम्ल मारणारा सोडा असतो. मग आधी फॅट जाते, नंतर खूर दुखतात, शेवटी गाय जाते.

अमेरिका-ऑस्ट्रेलियात मांसासाठी हजारो जनावरं वाड्यात कोंडून पोसतात, त्याला फीडलॉट म्हणतात. कुरणावरून आलेलं वासरू धान्यावर आणायला तिथेही साधारण तीन आठवडे घेतात, टप्प्याटप्प्याने. आपल्या महाराष्ट्रात 2015 पासून कायद्याने गाईबरोबर बैल आणि वळूही कत्तलीला बंद आहेत. त्यामुळे आपलं असं एका जागी पोसणं म्हणजे दुधाचे मुक्त गोठे, म्हशीचे रेडे आणि बंदिस्त शेळ्या. पोट मात्र तिथलं आणि इथलं सारखंच.

तर पालट असा करा:

- दिवस 1 ते 4: चार वाट्यांपैकी एक वाटा हिरवा, तीन सुके
- दिवस 5 ते 9: निम्मा-निम्मा
- दिवस 10 ते 15: तीन वाटे हिरवा, एक सुका
- त्यानंतर पावसाळाभर: मोठ्या गाई-म्हशीला रोज किमान 4 किलो सुका चारा, चुकवायचा नाही

वाटे ढिगाच्या आकारावर धरू नका, पाणी वगळून उरणाऱ्या शुष्क भागावर धरा. कोवळ्या हिरव्या चाऱ्यात शंभर किलोला ऐंशी किलो पाणीच असतं. 400 किलोच्या गाईला दिवसाला साधारण 12 किलो शुष्क भाग लागतो. 40 किलो हिरवी कुट्टी टाकली तरी त्यातून 8 किलोच मिळतो. पोट भरलेलं दिसतं, आणि दिसतं म्हणून माणूस फसतो.

सकाळी पहिला घास सुक्याचा. हे कुठल्या पुस्तकात ठळक छापलेलं मी पाहिलं नाही, पण माझ्या अनुभवात निम्म्या पोटफुग्या एवढ्याने टळतात. दवाने किंवा पावसाने भिजलेलं गवत कापल्या कापल्या घालू नका. सकाळी कापून शेडमध्ये पातळ पसरा आणि संध्याकाळी घाला. ढीग लावलात तर आतून तापतं, मग आणखी वाईट.

आता कडब्याचा हिशोब, आजच, कारण पाऊस लागून राहिला की कडबा भिजतो नाहीतर भाव चढतो. पाच गाई, रोज 4 किलो, 90 दिवस, म्हणजे 1800 किलो. पेंढी शेकड्यावर घेताना दहा पेंढ्या काट्यावर टाकून बघा, कारण गावोगावी बांधणी वेगळी असते. कडबा नसेल तर सोयाबीनचं भुसकट, तुरीचा भुसा, गव्हाचं काड, भाताचा पेंढा, काहीही चालेल, फक्त कोरडं हवं. काळी बुरशी धरलेला खालचा थर टाकून द्या. "जनावर निवडून खातं" यावर विसंबू नका. मशीनमधून कुट्टी केल्यावर ते निवडणार कसं?

पेंडीचं बोलू. मूळ हिशोब: जगण्यापुरती एक ते दीड किलो, वर गाईला दर अडीच लिटरला एक किलो, म्हशीला दर दोन लिटरला एक किलो. बारा लिटरच्या गाईला सहा-सव्वासहा किलो पुरे झाली. नऊ किलो घालणारा मालक दूध वाढवत नव्हता, शेणातून मका उकिरड्यात पाठवत होता. पेंड वाढवायची असेल तर एका वेळी अर्धा किलो वाढवा, मग तीन-चार दिवस थांबा. दिवसाची पेंड दोन वेळांत देण्यापेक्षा तीन वेळांत विभागलेली बरी.

फॅट बसली की दुकानदार काय काढतो ते माहीत आहे ना? फॅट वाढवणारी पावडर, बफर (पोटातलं आम्ल मारणारं), यीस्ट, लिव्हर टॉनिक, लिक्विड कॅल्शियमचा पाच लिटरचा डबा. यांतलं काहीच कधी कामाचं नाही, असं मी म्हणत नाही. पण गव्हाणीत सुका चारा नसताना पावडर घालणं म्हणजे गळक्या हंड्यात पाणी ओतणं. चार किलो कडबा सुरू करा, पेंड हिशोबात आणा आणि दोन आठवडे फॅटच्या पावत्या जपून ठेवा. बफरच हवा असेल तर जास्त पेंड खाणाऱ्या दुभत्या गाईला किराणा दुकानातला साधा खाण्याचा सोडा रोज 100 ग्रॅम, दोन वेळा विभागून पेंडीत. व्यायला तीन आठवडे राहिलेल्या गाभण गाईला सोडा बंद, नाहीतर व्याल्यावर दुधाच्या तापाला, म्हणजे कॅल्शियम घटून गाय बसते त्या आजाराला, बोलावणं.

कडवळाबद्दल, म्हणजे ज्वारीच्या हिरव्या चाऱ्याबद्दल, जरा मोठ्याने सांगतो. पाऊस होऊन आठ-दहा दिवस उघडीप पडली, ज्वारी गुडघ्याएवढी येऊन सुकायला लागली, की तिच्यात विष साठतं. कापणीनंतर फुटलेल्या धुमाऱ्यातही तसंच. किराळ लागली म्हणतात ती हीच. तोंडाला फेस, धाप, थरथर, झोकांड्या, आणि अर्ध्या तासात खेळ संपू शकतो. निम्मं पीक फुलोऱ्यात येईपर्यंत कडवळ कापू नका, जनावर त्यात सोडू नका, आणि सुटलेलं जनावर दुसऱ्याच्या बांधावर जाणार नाही एवढं दावं पक्कं ठेवा. पाऊस पडला म्हणून दुसऱ्याच दिवशी विळा लावायची घाई नको. नवा फुटवा तेव्हाच जास्त धोक्याचा असतो. किराळ लागलीच तर उतारा शिरेतून द्यायचं इंजेक्शन आहे, ते डॉक्टरचं काम. गूळपाणी पाजत वेळ घालवू नका.

शेळीवाल्यांनो, तुमचाही पालट हाच, फक्त दंड लवकर भरावा लागतो. कोवळं गवत किंवा भरडा एकदम वाढला की आंत्रविषार (आतड्यात विष तयार होणारा आजार) होतो, आणि त्यात बारीक करडू मरत नाही, कळपातलं सगळ्यात अंगाने भरलेलं, खादाड मरतं. लस पावसाआधीच हवी होती. राहिली असेल तर या आठवड्यात उरका, पण लस टोचली म्हणून मक्याचं पोतं मोकळं सोडू नका.

पोट फुगलंच तर डावी भकाळी, म्हणजे बरगड्यांमागची खोलगट जागा, बघा. ढोलकीसारखी वाजत असेल आणि जनावर उभं असून गिळत असेल तर मोठ्या जनावराला गोडेतेल 250 ते 500 मिली, शेळीला 50 मिली, सावकाश. तोंड फार वर धरू नका, जीभ ओढू नका. तेल फुफ्फुसात गेलं तर पोटफुगीतून वाचलेली गाय न्यूमोनियाने जाते, हे मी दोनदा पाहिलंय. जनावर पुढचा भाग चढावर येईल असं उभं करा आणि 1962 या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन लावा. सुरी घेऊन पोट भोसकणारा गावात एक असतोच, त्याला लांब ठेवा. पोत्यातला भरडा जनावराने फस्त केला असेल तर फुगण्याची वाट न बघता लगेच डॉक्टर बोलवा.

बाकीची जूनची कामं:

- घटसर्प, फऱ्या लस राहिली असल्यास लगेच
- शेळ्यांना पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा साथीचा रोग) लस, मागची दिली नसेल तर
- शेण तपासून, वजनावर जंतनाशक
- गोचीड: अंगावर आणि भिंतींच्या फटीत, दोन्हीकडे
- क्षारमिश्रण रोज 50 ग्रॅम, मीठ 30 ग्रॅम
- स्वच्छ पाणी, मोठ्या गाईला 60 ते 80 लिटर धरून
- मुक्त गोठ्यात गाईमागे छताखाली 40 आणि उघड्यावर 80 चौरस फूट. चिखल होणाऱ्या जागी मुरूम
- मुरघासाचं तोंड उघडल्यावर रोज थर काढायचा, बुरशीचा भाग टाकायचा; मुरघाससुद्धा 4-5 किलोपासूनच सुरू
- उकिरड्यावर ताडपत्री, नाहीतर वर्षभराचं खत ओढ्याला

बेंदूर-पोळ्याचंही आताच सांगून ठेवतो, तेव्हा कुणी ऐकत नाही. बैलाला पुरणपोळी भरवा, एक-दोन, मान म्हणून. पण आजूबाजूच्या पाच घरांनी पाच-पाच भरवल्या आणि वर घुगऱ्यांची पाटी ठेवली की दुसऱ्या दिवशी बैल उठत नाही. लग्नाच्या पंगतीतल्या उरलेल्या भाताचंही तसंच. टोपलंभर भात गाईपुढे ओतून "अन्न वाया गेलं नाही" म्हणणाऱ्या एका घरची चौदा लिटरची गाय मी तिसऱ्या दिवशी खड्ड्यात उतरवलेली पाहिली आहे.

त्या बारा गाईंच्या गोठ्याचं विचाराल, तर मालकाने शेजाऱ्याकडून सोयाबीनचं भुसकट उसनं आणलं आणि पेंड हळूहळू सातवर आणली. अठराव्या दिवशीच्या पावतीवर 3.6 होती. पाय आखडलेली गाय मात्र त्या वेतात पुन्हा पहिल्यासारखी चालली नाही.