माटोळीच्या शोधापासून लिंकपर्यंत: एसईओ साधने कशी वापरावीत

गोव्यातील फोंडा तालुक्यातील एका कुळागरात (सुपारीच्या बागायतीत) सुपारी, मिरी आणि सोलांबरोबर चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) दिवसांत माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या सजावटीचे, सामानही विकले जाते. संकेतस्थळावर नवे काय लिहावे आणि त्यासाठी एसईओचे, म्हणजे संकेतस्थळ गूगलच्या शोधात वर आणण्याच्या कामाचे, मासिक वर्गणीचे एखादे महागडे साधन घ्यावे का, असे त्या कुटुंबाने मला विचारले होते. माझे उत्तर आजही तेच आहे: आधी गूगल सर्च कन्सोल उघडावे. ते विनामूल्य आहे, आणि लोक कोणते शब्द टाइप करून आपल्यापर्यंत पोहोचले हे ते प्रत्यक्ष नोंदींवरून सांगते, तर बाहेरच्या साधनांचे आकडे अंदाजाचे असतात.

परफॉर्मन्स अहवालात कालावधी 16 महिन्यांचा निवडावा, म्हणजे मागच्या चवथीचा हंगाम त्यात नक्की येतो. क्लिक, इम्प्रेशन (पान शोधात किती वेळा दिसले) आणि सरासरी स्थान हे तिन्ही रकाने सुरू करून, स्थान आठच्या पुढे असलेले आणि इम्प्रेशन भरपूर असूनही क्लिक जेमतेम मिळालेले शब्द वेगळे काढावेत. त्या कुळागराच्या अहवालात ‘माटोळी सामान यादी’ ही ओळ अशीच दुसऱ्या पानावर अडकलेली होती. त्या ओळीवर क्लिक करून ‘पेजेस’ टॅब उघडला, तेव्हा गूगल त्या शोधासाठी दरपत्रकाचे पान दाखवत असल्याचे कळले. शोधणाऱ्याला हवी होती यादी आणि समोर येत होते भाव. लिहायचा विषय तिथेच सापडला.

गोव्यात या कामाला एक अडचण आहे आणि तीच मोठी संधीही आहे. एकच वस्तू इथे मराठीत, कोंकणीत आणि इंग्रजीत, तीही दोन लिपींत शोधली जाते. मानकुराद आंबा रोमन लिपीत कोणी ‘के’ने लिहितो, कोणी ‘सी’ने, तर कोणी पोर्तुगीज वळणाने ‘माल्कोराद’ लिहितो. सर्च कन्सोलच्या शोधशब्द फिल्टरमध्ये रेजेक्स (अनेक रूपे एकदम शोधणारा नमुना) हा पर्याय निवडून ही सर्व रूपे मध्ये उभी रेघ (|) देऊन एका ओळीत लिहिली, की विखुरलेली मागणी एकत्र दिसते. बाहेरच्या कीवर्ड (शोधशब्द) साधनात देवनागरी शब्दापुढे शून्य दिसले तर विषय सोडू नये, कारण ते शून्य बहुधा त्या साधनाजवळ पुरेशी माहिती नसल्याचे चिन्ह असते. गूगलच्या कीवर्ड प्लॅनरमध्येही जाहिरातीवर खर्च न करणाऱ्या खात्याला नेमक्या आकड्याऐवजी मोघम पल्लाच दिसतो.

वेळ ठरवण्यासाठी शोधांचा चढउतार दाखवणारे गूगल ट्रेंड्स पुरेसे आहे. त्यातील 0 ते 100 हे आकडे सापेक्ष असतात, शोधांची संख्या नसते, हे मात्र विसरू नये. गोवा निवडल्यावर आलेख रिकामा आला तर संपूर्ण भारत निवडून पाहावे. चवथ ऑगस्ट किंवा सप्टेंबरमध्ये येते, त्यामुळे पान जूनमध्येच प्रसिद्ध करावे. शोधाचा चढ सुरू झाल्यावर लिहिलेले पान त्या वर्षी सहसा उपयोगी पडत नाही.

आता लिंककडे, म्हणजे इतर संकेतस्थळांनी आपल्या पानाकडे दिलेल्या आणि ते शोधात वर यायला मदत करणाऱ्या दुव्यांकडे वळू. एचरेफ्स किंवा सेमरशसारख्या, लिंका तपासणाऱ्या साधनात आपल्या विषयावरील तीन-चार संकेतस्थळे घालून लिंक इंटरसेक्ट किंवा बॅकलिंक गॅप हा अहवाल काढावा. त्या सर्वांना लिंक देणारी, परंतु आपल्याला न देणारी ठिकाणे त्यात दिसतात. स्पर्धक म्हणून केवळ दुकाने निवडू नयेत, असे मी आग्रहाने सांगेन. दुकानाला सहज कोणी लिंक देत नाही. लिंक मिळते ती माहितीला. म्हणून माटोळीवर, कुळागरांवर किंवा रानफळांवर लिहिणारी पाने घालावीत, आणि अहवालातील प्रत्येक लिंक प्रत्यक्ष उघडून तिच्या आजूबाजूचा परिच्छेद वाचावा. लेखकाने ती लिंक का दिली हे त्या परिच्छेदातूनच कळते, आणि ते कळल्याशिवाय कोणालाही पत्र लिहिण्यात अर्थ नाही.

आम्ही असे परिच्छेद वाचत गेलो तेव्हा एकच गरज वारंवार दिसली: कांगलां, केवण, तोरिंजन ही नावे लेखांत येत होती, पण फळ कसे दिसते हे दाखवणारे पान लेखकांना सापडत नव्हते. मग यादीच्या पानावर प्रत्येक फळाचा स्वतः काढलेला फोटो, कोंकणी व मराठी नाव आणि शास्त्रीय नाव घातले. कांगलां म्हणजे मालकांगोणी, केवण म्हणजे मुरुडशेंग, तोरिंजन म्हणजे पपनस, एवढी ओळखही नव्या पिढीला आणि गोव्याबाहेर राहणाऱ्या गोंयकारांना हवी असते.

दुसरा मार्ग तुटलेल्या लिंकांचा. एचरेफ्समध्ये विषयाजवळचे जुने संकेतस्थळ घालून ‘बेस्ट बाय लिंक्स’ अहवाल उघडावा आणि 404 (पान सापडत नाही) हा फिल्टर लावावा. नाहीशी झालेली, तरीही इतरांच्या लिंका असलेली पाने समोर येतात. तिथे पूर्वी काय होते ते वेबॅक मशीन या जुन्या पानांच्या संग्रहात पाहावे आणि आपल्याकडे त्या तोडीचे पान असेल तरच लिंक देणाऱ्याला कळवावे.

पत्र लहान असावे: कोणत्या पानावरील कोणती लिंक तुटली आहे, आणि तिच्या जागी काय चालेल, एवढेच. पैसे देऊन क्रमवारीसाठी लिंक घेणे गूगलच्या नियमांविरुद्ध आहे. जाहिरातीची लिंक असेल तर तिच्या कोडमध्ये स्पॉन्सर्ड किंवा नोफॉलो हे मूल्य लावावे लागते. डोमेन अथॉरिटी हा संकेतस्थळाचे वजन सांगणारा आकडा मॉझ या कंपनीचा आहे, गूगलचा नव्हे, म्हणून तो कमी दिसला तरी स्थानिक शाळेची किंवा निसर्गप्रेमी गटाची लिंक नाकारू नये.

पत्रे पाठवल्याची तारीख वहीत लिहून ठेवावी आणि दीड-दोन महिन्यांनी सर्च कन्सोलच्या लिंक्स अहवालात नवी नावे आली का ते पाहावे. त्याच वेळी ‘माटोळी सामान यादी’ची ओळ पुन्हा उघडून, तिच्यापुढे आता दरपत्रकाचे पान येते की यादीचे, हेही तपासावे.