आद्य-स्लाव्हिक ‘*नोगा’ या शब्दाचा उगम कसा शोधावा

ज्या भाषेचे लेखन उपलब्ध नाही, तिच्यातील शब्द शोधताना सुरुवात वंशज भाषांपासून करावी. ‘पाय’ या अर्थाच्या आद्य-स्लाव्हिक (सर्व स्लाव्हिक भाषांच्या अनुमानित मूळ भाषेतील) शब्दासाठी रशियन, पोलिश व सर्बियन ‘नोगा’ आणि चेक, स्लोव्हाक व युक्रेनियन ‘नोहा’ ही रूपे शेजारीशेजारी मांडावीत. रशियन माणूस बोलताना ‘नगा’ म्हणतो, पण तो आघातहीन ‘ओ’चा अलीकडचा उच्चार असल्याने त्यावर विसंबू नये. शेवटच्या तीन भाषांत मूळ ‘ग’चा ‘ह’ नियमितपणे झालेला असल्यामुळे ‘ग’ हाच जुना ठरतो आणि ‘*नोगा’ हे रूप हाती येते. आरंभीची तारका ते अनुमानित असल्याची खूण होय.

यानंतर स्लाव्हिकच्या जवळच्या नात्यातील बाल्टिक भाषांकडे वळावे, कारण अर्थाचा उलगडा तेथेच होतो. लिथुआनियनमध्ये ‘नगा’ म्हणजे खूर आणि ‘नागस’ म्हणजे नख, तर प्राचीन प्रशियन या लुप्त बाल्टिक भाषेच्या एल्बिंग शब्दसंग्रह नावाच्या जुन्या शब्दयादीत ‘नागे’ म्हणजे पाऊल. खुद्द रशियनमध्येही नखाला ‘नोगत्’ म्हणतात. नख, खूर आणि मग पाय, असा अर्थविस्तार यातून दिसतो. जनावराच्या खुराचा शब्द आधी सलगीने किंवा थट्टेने माणसाच्या पायाला लावला गेला असावा, असे मला वाटते.

नव्या शब्दाने जागा घेतली, तर जुना कोठे गेला, हेही तपासावे. आद्य भारत-युरोपीय (स्लाव्हिक, बाल्टिक, संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांची अनुमानित मूळ भाषा) ‘*पेद्’ या धातूचा अवशेष ‘पायी’ या अर्थाच्या रशियन ‘पेश्कोम’मध्ये टिकून आहे. मराठी ‘पाय’ त्याच धातूचा, म्हणून ‘नोगा’चे नाते मराठीत शोधायचे झाल्यास ते ‘पाय’ या शब्दाशी नव्हे, तर ‘नख’ या शब्दाशी जोडावे लागते.

शेवटी स्वर आणि व्यंजने दूरच्या भाषांशी ताडून पाहावीत. मूळ ‘ओ’ आणि ‘अ’ हे ऱ्हस्व स्वर स्लाव्हिक व बाल्टिक दोहोंत एकरूप झाल्याने ‘ओ’ची साक्ष या दोन्ही गटांबाहेरच्या भाषांकडून घ्यावी लागते; नख या अर्थाचे ग्रीक ‘ओनिक्स’ आणि लॅटिन ‘उंग्विस’ हे शब्द याच कुळातले. संस्कृत ‘नख’मध्ये मात्र स्लाव्हिक ‘ग’च्या जागी नियमाप्रमाणे ‘घ’ अपेक्षित असताना ‘ख’ आढळतो. ही विसंगती लपवू नये आणि तेवढ्यावरून नातेही नाकारू नये, कारण अर्थ आणि उरलेले ध्वनी जुळतात. नोंदीत तिचा स्वतंत्र उल्लेख करावा.