एचिंगमध्ये बर्फ काढताय? या चुका टाळा

एचिंग म्हणजे धातूच्या प्लेटवर रसायनाने रेषा खोदून काढलेलं छापचित्र. फ्रेंच छापचित्रकार फेलिक्स ब्यूओचं ‘पॅरिसमधला हिवाळा’ हे १८७९ सालचं एचिंग मुलांना दाखवलं की हमखास दोघा-तिघांना चेव चढतो. त्या वर्षी डिसेंबरात पॅरिसचा पारा शून्याखाली २० अंशांच्याही खाली गेला होता. ब्यूओच्या प्लेटवर त्याच शहराचा हिवाळा आहे: बर्फाने भरलेला रस्ता, घोडागाड्या, गारठलेली माणसं. मुलं म्हणतात, "सर, आपणही असं काहीतरी करू." आठ दिवसांनी प्लेट येते. तिच्यावर झाड असतं, घर असतं, कुंपण असतं. बर्फ तेवढा नसतो.

कारण बर्फ सुईने काढायला घेतलेला असतो. ग्राउंडवर, म्हणजे प्लेटवरच्या मेणासारख्या संरक्षक थरावर, सुईने उघडा पाडलेला प्रत्येक ठिपका रसायनाने खाल्ला जातो आणि छापल्यावर काळा येतो. हे पोरांना तोंडपाठ असतं, पण सुई हातात आली की हात विसरतो, आणि आभाळातून बर्फाऐवजी काजळी पडायला लागते. पडणारा बर्फ हवा असेल तर ॲक्वाटिंटची (राखाडी छटा देणारी) राळ प्लेटवर भाजून घ्या आणि बाईटच्या, म्हणजे प्लेट रसायनात सोडण्याच्या, आधी रसायन अडवणाऱ्या स्टॉप-आउट वॉर्निशचे शिंतोडे मारा. थेंबाखालची जागा पांढरी राहते. मी जुन्या टूथब्रशने मारतो. ब्रश वॉर्निशमध्ये नुसता टेकवायचा, आधी रद्दीवर दोनदा झटकायचा, मग प्लेटवर. एकसारखे गोल थेंब आले तर पुसून पुन्हा मारा. बर्फ असा मोजूनमापून पडत नाही.

आता माझी आवडती चूक. आवडती अशासाठी, की ती मी स्वतः केली आहे.

बर्फाचं चित्र खरं तर आभाळावर उभं असतं. आभाळ नेमक्या राखाडीत उतरलं तरच खालचा कोरा कागद बर्फ वाटतो, नाहीतर तो नुसता कोरा कागद. शिकत असताना जानेवारीतल्या एका सकाळी मी असंच आभाळ बाईट करत होतो. थंडीत फेरिक क्लोराइड, म्हणजे तांबं खाणारं रसायन, मंद चालतं. उन्हाळ्यात जी छटा ४० सेकंदांत यायची, ती दीड मिनिट झालं तरी येईना. थांबायला हवं होतं. मी फेरिकचा ट्रे गरम पाण्याच्या टपात ठेवला, प्लेट आत सोडली आणि ‘एक मिनिट’ म्हणून टपरीवर गेलो. कटिंग आलं, गप्पा निघाल्या.

नायट्रिक आम्ल निदान बुडबुडे तरी काढतं, चाललंय ते डोळ्यांना दिसतं. फेरिक मुकाट्याने खातं, आणि गरम केलं तर अधाशासारखं. परत येऊन प्लेट धुतली, प्रूफ, म्हणजे चाचणीची छाप, काढलं. आभाळ डांबरासारखं. काही ठिकाणी तर राळेचे कण खालून पोखरले जाऊन ते काळंही फाटलं होतं. पुढचे अकरा दिवस खरवडायचा स्क्रेपर आणि गुळगुळीत करायचा बर्निशर घेऊन तांबं घासत बसलो. आमच्या सरांनी प्रूफ पाहिलं, चष्मा वर सरकवला आणि म्हणाले, "आता याला रात्र म्हण." ती प्लेट आजही माझ्याकडे आहे, आणि तिच्यात अजूनही रात्रच आहे.

तेव्हापासून माझा एकच नेम: ज्या दिवशी बाईट, त्याच दिवशी तांब्याच्या पट्टीवर चाचणी. ५, १०, २०, ४०, ८० सेकंद. कालची पट्टी आज चालत नाही. ‘यूट्यूबवर ३० सेकंद सांगितलंय’ म्हणणाऱ्याला मी फेरिकला हात लावू देत नाही. त्या माणसाची बादली वेगळी, त्याचं हवामान वेगळं.

छापण्याआधी प्लेटवरची जादा शाई पुसण्यात दोन टोकाची माणसं भेटतात. एक जण खळीच्या जाळीदार कापडाने पुसतो, मग तळव्याला खडूची पूड लावून पुसतो, मग पुन्हा पुसतो, जणू दिवाळीची भांडी. त्याचा बर्फ मेलेला येतो. दुसरा आळशी. तो सगळ्या प्लेटवर शाईचा पापुद्रा ठेवतो आणि विचारलं की म्हणतो, "वातावरण आहे सर." वातावरण नाही, मळ आहे. वर्दळीच्या रस्त्यावरचा बर्फ पांढराशुभ्र राहत नाही, हे खरं. पण कुठे मळवायचा हे आधी ठरवावं लागतं. मी चाकोऱ्यांजवळ, भिंतींच्या पायथ्याशी शाई राखतो आणि छपरं तळव्याने लख्ख करतो. ब्यूओ शाई बदलायचा, कागद बदलायचा, कागद टर्पेंटाइनमध्ये भिजवूनही बघायचा, आणि मनासारखं उतरलेल्या प्रूफवर घुबडाचा लाल शिक्का मारायचा. आमच्याकडे पहिल्याच प्रूफवर सही होते.

त्याच्या मुख्य चित्राभोवती समासात छोटी छोटी चित्रं असतात. त्यांना तो ‘सिंफनी समास’ म्हणायचा. कृपा करून पहिल्याच प्लेटवर ते करू नका. मधलं चित्र जमत नाही म्हणून कडेला कुत्री काढणारे मी बरेच पाहिलेत.

बाकीचं थोडक्यात. प्लेटच्या कडा कानशीने उतरवा. प्रेसचं फेल्ट (लोकरी कापड) कापलं गेलं तर भरपाई तुम्ही द्याल. भिजवलेला कागद टिपकागदात दाबून घ्या. वर पाणी चमकत असेल तर छापू नका. दुकानाची पाटी काढणार असाल तर उलटी काढा, छापल्यावर ती सुलटी होते.

आणि झाडांच्या बारीक फांद्यांना ड्रायपॉइंट (सुईने थेट तांब्यावर ओरखडलेली रेषा) वापरलाय? मग ५० छापांची एडिशन जाहीर करू नका. त्या रेषेचा मखमलीपणा तांब्यावर उठलेल्या बारीक कुसळांत असतो, आणि प्रेस ती दर छापेला दाबत जाते. मी १५ वर थांबतो. सोळाव्यात फांद्या दिसतात, पण तारेच्या.