परदेशात लढताना गेलेल्या मरीनची आठवण कशी ठेवायची

आमच्या अमेरिकेतल्या शेजारणीचा मुलगा मरीन होता, म्हणजे तिथल्या मरीन कोअर या सैन्यदलात. २०१० साली अफगाणिस्तानात, हेल्मंड प्रांतात लढताना मारला गेला, वय फक्त २१. आम्हाला सुरुवातीला काय बोलावं तेच कळायचं नाही, मग हळूहळू शिकलो, ते लिहितोय.

पहिलं म्हणजे त्याला सोल्जर म्हणू नका, तिथे सोल्जर म्हणजे आर्मीचा, हा मरीन. आईला फरक पडतो. आणि मेमोरियल डेला (मे महिन्यातला शेवटचा सोमवार) "हॅपी" वगैरे लावू नका, तो दिवस गेलेल्यांचा आहे, नोव्हेंबरातला व्हेटरन्स डे वेगळा, तो सैन्यात सेवा केलेल्या सगळ्यांचा. घरी झेंडा लावत असाल तर त्या दिवशी दुपारी १२ पर्यंत अर्ध्यावर ठेवायचा, नंतर पूर्ण वर. खांबावर खाली-वर करायची सोय नसेल तर राहू दे, दुपारी ३ वाजता एक मिनिट शांत उभं राहिलात तरी चालतं, तशी पद्धतच आहे तिथे.

थडगं आर्लिंग्टनला (वॉशिंग्टनजवळची सैनिकांची राष्ट्रीय दफनभूमी) असेल तर जायच्या आधी दफनभूमीच्या एएनसी एक्सप्लोरर ॲपवर नाव टाकून नेमकी जागा बघून घ्या, कारण एकसारखे पांढरे दगड, रांगाच रांगा, माणूस हरवतो. इराक-अफगाणिस्तानात मारले गेलेले आणि इथे पुरलेले बरेचसे सेक्शन ६० मध्ये आहेत. फुलं न्या. दगडावर नाणी दिसली तर उचलू नका. त्याचा अर्थ असा सांगतात, की पेनी (१ सेंट) म्हणजे कोणीतरी भेटून गेलं, निकल (५ सेंट) म्हणजे बूट कॅम्पला, सुरुवातीच्या ट्रेनिंगला सोबत होता, डाइम (१० सेंट) म्हणजे सोबत सर्व्हिस केली, आणि क्वार्टर (२५ सेंट) म्हणजे तो गेला तेव्हा जवळ होता.

मी शेजारणीसोबत एकदा थडग्यावर गेलो होतो तेव्हा दगडावर एक क्वार्टर होतं. त्यांनी बाहीने दगडावरचं गवत पुसलं, पण नाण्याच्या कडेकडेने, त्याला धक्का न लावता, आणि मग बराच वेळ तिथेच बसून राहिल्या, मीही काही बोललो नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे आम्ही कितीतरी वर्षं चुकवलं. लोक त्याचं नाव घ्यायचंच टाळतात, आईला त्रास होईल म्हणून. उलट करा. नाव घ्या. त्याच्या वाढदिवसाला मेसेज करा, १० नोव्हेंबरला पण करा, मरीन कोअरचा स्थापना दिवस असतो (१७७५ पासूनचा), त्याच्या प्लॅटूनमधली (तुकडीतली) पोरं त्या दिवशी आईला हमखास फोन करतात. कसा गेला ते विचारू नका, कसा होता ते विचारा. मी यंदा सहज विचारलं की त्याला गाड्यांचं वेड होतं ना, तर पाऊण तास बोलत होत्या, सोळाव्या वर्षी त्याने गॅरेजमध्ये इंजिन कसं उघडून ठेवलं आणि चार महिने गाडी बाहेर पावसात कशी उभी होती ते सगळं.